मंगळावरची संकष्टी

मुलाकडे मंगळावर कायमचं राहायला आल्यावर द्वारकाबाईंची ही पहिली संकष्टी. दिवसभर त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. सून ऋजुता काळजीने म्हणाली, "आई, इथले दोन्ही चंद्र उगवलेत. आता जेवा ना."

"ते परके गं. आपला चंद्र दिसल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

ऋजुताने त्यांना घुमटाच्या काचेशी नेलं. निळसर उजेड मागे ठेवून सूर्य नुकताच मावळला होता. तिथेच वर एक ठळक तारा चमकत होता आणि त्याला खेटून एक बारीक ठिपका.

"ती पृथ्वी, आई. आणि तो आपला चंद्र."

द्वारकाबाईंनी हात जोडले. "इतक्या लांब आले का मी?" त्या पुटपुटल्या. मग सुनेचा हात घट्ट धरून म्हणाल्या, "चल, दोघींची पानं घे."