कपाळापासून हनुवटीपर्यंत

"जुनंच काय वाईट होतं?" बायकोनं विचारलं.

"अगं, त्या म्हाताऱ्याला आता तरी सुट्टी दे!" सुतार हसून म्हणाला.

म्हातारा म्हणजे या ऑफिसातलं जुनं सॉफ्टवेअर. हरवलेल्या मुलांचे फोटो घ्यायचे आणि ती मुलं आज कशी दिसत असतील त्याचं चित्र करायचं, हे इथलं काम. या दोघांची छकुली चार वर्षांची असताना बाजाराच्या गर्दीत आईच्या हातातून सुटली, ती सुटलीच. आता ती सोळाची असेल. दर वर्षी दोघं नवं चित्र घ्यायला इथं यायची आणि अख्खी दुपार बसून राहायची. एक चेहरा तयार करायचा तर म्हातारा नुसता घरघर करायचा. चित्र वरून खाली रेघारेघांनी उतरायचं. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. हनुवटी येईपर्यंत चहा दोनदा व्हायचा. सुतार खुर्चीतच पेंगायचा. बायको मात्र पडद्यासमोरून हलायची नाही.

आणि एवढं करून चेहरा यायचा तो मेणाच्या बाहुलीचा. खोटं कशाला बोला, त्या चित्रावरून कुणी स्वतःच्या बहिणीलाही ओळखलं नसतं.

"जुन्यात मी आपली अंदाजानं वय वाढवायची," चित्रकार बाई म्हणाल्या. "हे नवीन आई-वडिलांचे त्याच वयातले फोटो घेतं. नाक कुणाचं, जबडा कुणाचा, हे बघून चेहरा घडवतं. फोनवर सांगितलं होतं, आणलेत ना फोटो?"

बायकोनं आपला फोटो काढून दिला आणि पर्सची चेन लगेच लावून टाकली.

सुतारानं आपला फोटो टेबलावर ठेवला. त्यात एक वाळका पोरगा हाताला भलंमोठं बँडेज बांधून उभा होता. "आमच्या बापाच्या हाताखाली करवतीत बोट गेलं, त्याच आठवड्यातला आहे. तोंड बघा कसं झालंय, एरंडेल प्यायल्यासारखं!" त्यानं अर्धं बोट नाचवून दाखवलं. "आमची छकुली हसली की अगदी माझ्यावर जायची."

"खाली गाडीत कोण बसलंय? त्यांना वर बोलवा की, चहा घेतील," बाई म्हणाल्या.

"तो नाही यायचा, ताई. माझा लहानपणापासूनचा दोस्त. दर वर्षी तोच आणतो आम्हाला. पोस्टर चिकटवायला माझ्याबरोबर उन्हातान्हात हिंडतो, पण चित्र बघवत नाही म्हणतो. फार हळवा आहे हो."

बायको खिडकीबाहेर बघत होती.

बाईंनी बटण दाबलं. चहा यायच्या आत पडद्यावर एक मुलगी उभी राहिली. कातडी खरी, डोळ्यांत पाणीदार चमक, ओठ आता काहीतरी बोलतील असे. सुतार खुर्चीवरून उठला.

"अगं, बघ गं! माझं नाक घेऊन बसलीय पोर!" तो रडायलाच लागला. एवढा दांडगा माणूस, बाहीनं डोळे पुसत पडद्यावरच्या गालाला हात लावत राहिला.

"ही ती नाही," बायको म्हणाली.

"काय?"

"ही छकुली नाही. ताई, जुन्यावरच करून द्या ना."

"जुनं आज काढून टाकतोय हो. आणि हे चित्र आता सगळ्या चौक्यांना, स्टेशनांना जाणार."

"दर वर्षी त्या बाहुलीवर समाधान मानतेस," सुताराचा आवाज चढला, "आणि आता कुठे खरी पोर दिसली तर ही नाही म्हणतेस? तुला ती परत यायला नको आहे का?"

बायकोनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. सुतार लगेच वरमला. "चुकलं माझं," तो पुटपुटला. "रडू नकोस."

पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, "ताई, चेहरा चुकीचा असला तर?"

"तर काय, पोर समोरून गेली तरी कुणी ओळखणार नाही. पण काळजी करू नका. दोन्ही फोटो बरोबर असले की हे सहसा चुकत नाही."

बायकोनं मान हलवली. सुतारानं चित्राची प्रत छातीशी धरली आणि दोघं खाली गेली.

बाई कप उचलत होत्या, तेवढ्यात बायको धापा टाकत एकटीच परत आली.

"काही राहिलं का?"

"चित्र गेलं पुढं?"

"आत्ता पाठवतेय."

"नका पाठवू." ती दाराला टेकून उभी राहिली. "मला माझी पोर परत हवी, ताई. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

तिनं पर्सची चेन उघडली आणि कात्रीनं एका बाजूनं कापलेला एक जुना फोटो टेबलावर ठेवला. मिसरूड फुटलेला एक पोरगा त्यात मोकळं हसत होता. त्याच्या खांद्यावर कापताना राहून गेलेला दुसऱ्या कुणाचा तरी हात होता. त्या हाताचं एक बोट अर्धंच होतं.

"वडिलांच्या जागी हा घाला."