तपासणीचा दिवस

"साहेब आहेत का?" दारातल्या माणसाने विचारलं, तेव्हा टायपिस्ट बाई चहाच्या कपावर बशी झाकत होत्या.

त्यांनी मान वर केली. कडक इस्त्रीचा शर्ट, चकाकणारे बूट, काखेत जाडजूड फाइल. या आठवड्यात सरकारी तपासणीला माणूस येईल, असं पत्र शुक्रवारीच आलं होतं.

"येतील अर्ध्या तासात. बसा ना."

"मदतीच्या कामाबद्दल जरा—"

"हो, हो. कल्पना आहे आम्हाला."

त्यांनी पंखा त्याच्याकडे वळवला आणि स्वतःचाच चहा त्याच्या पुढे ठेवला.

संस्था माजी सैनिकांसाठी देणग्या गोळा करायची. समोरच्या भिंतीवर कुबडी घेतलेल्या जवानाचा मोठा फोटो होता. देणगीदार तो पाहून हळहळत. कुबडीवाला जाहिरातीत काम करणारा होता. दिवसभर उभं राहायचे त्याने चांगले पैसे घेतले होते. ते बिल बाईंनीच टाइप केलं होतं.

बाकीची बिलंही त्यांच्याच हातून जायची. देणग्यांसाठी फोन करणाऱ्या कंपनीचं कमिशन. साहेबांची, म्हणजे सेक्रेटरींची, नवी गाडी. सैनिकांच्या सन्मानार्थ मोठ्या हॉटेलात जेवण, ज्याला एकही सैनिक बोलावलेला नव्हता. शंभर रुपये आले तर सैनिकापर्यंत पाच जात, तेही गेले तर.

नवऱ्याचं दुकान बंद पडल्यापासून घर बाईंच्या पगारावर चालत होतं. त्यामुळे तोंडाला कुलूप. पण सासूबाई दर महिन्याला आपल्या पेन्शनमधले शंभर रुपये त्यांच्या हातावर ठेवत. "तुझ्या संस्थेला दे गं. पोरांनी हातपाय गमावलेत." बाई ते घेत, पावती फाडत आणि रात्री सासूबाईंच्या नजरेला नजर देत नसत.

तीन महिन्यांपासून त्यांच्या पर्समध्ये एक वही होती. कागदोपत्री खर्च एका बाजूला, खरा खर्च दुसऱ्या बाजूला. द्यायची कोणाला, तेवढंच कळत नव्हतं.

"वर्षाला अर्ज किती येतात?" माणसाने विचारलं.

"चारशेच्या आसपास."

"आणि मंजूर?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. "मागच्या वर्षी अकरा."

"नाकारायचं कोण ठरवतं?"

"ठरवायचं काय त्यात? पाकीटसुद्धा फोडत नाहीत." आपण हे बोललो, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

माणसाने फाइल मांडीवर घेतली. चहा मात्र त्याने तसाच ठेवला.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. बाईंनी पर्स उघडली, वही काढली आणि त्याच्या फाइलमध्ये सरकवली. "यात सगळं आहे," त्या कुजबुजल्या. "माझं नाव येऊ देऊ नका. घरात खाणारी चार तोंडं आहेत."

तो काही विचारणार, एवढ्यात सेक्रेटरी आत आले. हाच तो तपासणीचा माणूस, अशी बाईंनी डोळ्यांनीच खूण केली. सेक्रेटरींचा चेहरा क्षणभर उतरला, मग लोण्यासारखा मऊ झाला.

"अरे, या, या! तुमचीच वाट पाहत होतो."

"माझी?" माणूस उठला. "साहेब, मी खरं तर—"

"आत बसून बोलू. इथे भिंतींना कान."

केबिनची भिंत प्लायवूडची होती. बाईंना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"हे बघा, माणसं आहेत, चुका होतात," सेक्रेटरी म्हणत होते. "कागद कुठे मागेपुढे झाले असतील. तुम्ही समजून घ्याल, खात्री आहे."

"मला एवढंच विचारायचं होतं, सैनिकांना मदत का मिळत नाही?"

खुर्ची सरकली. मग ड्रॉवर उघडल्याचा आवाज.

"हे ठेवा. घरच्यांसाठी."

"एवढे? कशाबद्दल?"

"सहकार्याबद्दल म्हणा."

"सही कुठे करायची?"

सेक्रेटरी खदखदून हसले. "तुम्ही पण ना, साहेब! भलतेच विनोदी!"

बाई कान देऊन बसल्या. आता हा माणूस पाकीट टेबलावर आपटेल, आता आवाज चढेल. तसं काही झालं नाही. दार उघडलं. माणसाच्या खिशाला फुगवटा आला होता. बाईंकडे बघून त्याने मान लववली आणि तो जिना उतरू लागला.

हाही त्यातलाच. बाईंना कळून चुकलं. आणि वही? ती आता कोणाच्या हाती जाणार? सेक्रेटरींनी फोन उचलल्याचं पाहून त्या चपला न घालताच जिन्याकडे धावल्या.

तो खालच्या दारापाशी पोचला होता.

"थांबा! वही द्या माझी."

त्याने मुकाट्याने फाइल उघडली आणि वही त्यांच्या हातात दिली. "घ्या. मला समजत नव्हतंच, तुम्ही ती मला का दिलीत."

"का म्हणजे? विश्वास ठेवला मी तुमच्यावर!" बाईंचा आवाज फाटला. "नोकरीवर पाणी सोडायला निघाले होते. आणि तुम्ही पाकीट घेऊन चाललात? तपासणीला आलेल्या माणसाला हे शोभतं?"

"तपासणीला?" माणूस गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. "मी कसला तपासणार, बाई? सतरा वर्षं फौजेत शिपाई होतो. दोन वर्षं तुमच्याकडे अर्ज करतोय. आज कुठे मंजूर झाला."