कमरेतला एक इंच

“अजून एक इंच आत घ्या,” बाई म्हणाल्या आणि नवऱ्याच्या दोन्ही पँटी त्यांनी मशीनवर ठेवल्या. “आणि मास्तर, काम असं करा की त्यांना पत्ता लागता कामा नये.”

शिंपीमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. चार महिन्यांत बाईंची ही चौथी खेप. नवरा एकदाही दुकानात आला नव्हता. पण मास्तरांना माणूस बघायची गरजच पडत नसे. पस्तीस वर्षं लोकांच्या कमरा मोजल्या होत्या. पँट हातात आली की कोण किती खातो ते सांगत, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत.

पहिल्या खेपेलाच त्यांनी ओळखलं होतं. अडतीसची कंबर, म्हणजे गडी खाण्यात तरबेज. बायको सांगून सांगून थकली असणार. म्हणून आता ती गुपचूप कपडे घट्ट करून नेते. नवऱ्याला वाटावं आपण सुटत चाललोय, आणि त्याने जेवताना हात आखडता घ्यावा. काय डोकं आहे बाईचं! मास्तर तेव्हापासून त्यांच्यावर बेहद्द खूश होते.

“मग? जेवणाचं काय म्हणतायत?” त्यांनी टाके उसवता उसवता विचारलं.

“तीच तर लढाई आहे. ते ताटावर बसले की माझा जीव टांगणीला लागतो.”

“ताट लहान करा.”

“केव्हाच केलं. मोठं ताट समोर आलं की सगळं बिघडतं.”

“आणि वजनकाटा?”

“माळ्यावर टाकलाय. आकडा दिसला तर संपलंच.”

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. बरोबरच आहे, काट्यावर उभा राहिला की बिंग फुटायचं! ते हसले, पण बाई हसल्या नाहीत.

“चेष्टा नाही हो, मास्तर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. खाण्याचं रुळावर आलं तर माणूस आपला, नाहीतर नाही.”

“येणार. माझा शब्द आहे,” मास्तर म्हणाले. असे शब्द ते सढळ हाताने देत, आणि आजवर एकही परत घ्यावा लागला नव्हता.

बाई गेल्यावर मास्तरांची बायको बोलली. ती कोपऱ्यात बसून शर्टांना बटणं लावायची आणि सगळं ऐकायची. “एवढी घट्ट पँट तो चढवतो तरी कसा?”

“घट्ट राहते कुठे? घाबरतो, कमी खातो, महिन्याभरात पँट बसते. मग आपण पुन्हा आत घेतो.” मास्तरांनी टेप गळ्यात टाकला. “डॉक्टरला जमत नाही ते दोरा करतो.”

“मग तुमच्या पँटलाही घाला की टीप.”

मास्तरांनी मशीन जोरात चालवायला घेतलं. पण दुपारी त्यांनी खरोखरच आपली पँट एक इंच आत घेतली. दोन दिवस श्वास रोखून काढले. तिसऱ्या दिवशी खाली पडलेला खडू उचलायला वाकले आणि हूक तुटून गिऱ्हाइकाच्या पायाशी जाऊन पडला. बायको हसून हसून आडवी झाली. त्यावरून मास्तरांना बाईंच्या नवऱ्याबद्दल आदरच वाटायला लागला. जबर निश्चयाचा दिसतो!

पाचव्या खेपेला कंबर तेहतीसवर आली. मागचे दोन्ही खिसे आता एकमेकांना भिडायला आले होते. “आणखी आत घेता येणार नाही, बाई,” मास्तर म्हणाले. बाईंचा चेहरा पांढरा पडला. मास्तरांना वाटलं, चांगली युक्ती मधेच सोडावी लागतेय म्हणून.

मग दोन महिने बाई फिरकल्याच नाहीत. एके सकाळी आल्या त्या जवळजवळ पळतच.

“मास्तर, सैल करा! एक इंच सोडा!”

मास्तरांचं तोंड उतरलं. “घसरले का पुन्हा खाण्यावर?”

“चढले! तीन किलोंनी!” बाई हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. “आणि आज स्वतः चालत आलेत.”

दारातून एक माणूस चौकट धरून आत आला. गालफडं बसलेली, शर्टाच्या कॉलरमध्ये मान हरवलेली. बाईंनी झटकन स्टूल पुढे केलं. मास्तरांनी टेप काढला, पण हात जागच्या जागी थांबला. या माणसाला कमी खायला कुणी सांगितलंच नव्हतं. तो दिवसेंदिवस आटत होता, आणि ते ध्यानात येऊन त्याने हाय खाऊ नये म्हणून बायको त्याचे कपडे त्याच्याबरोबर लहान करत आली होती. मास्तरांना स्वतःच्या शहाणपणाच्या लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“समोर फळवाला दिसला,” तो माणूस बायकोला म्हणाला. “आण ना काहीतरी. खावंसं वाटतंय.”

ते ऐकताच बाई धावतच गेल्या. बायको रस्ता ओलांडेपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला. मग मास्तरांकडे वळला.

“हात छान आहे तुमचा, मास्तर. पण शिवण हलवली की जुन्या टाक्यांची भोकं कापडात राहतात. पहिल्याच पँटला दिसली मला. ही एवढी झटतेय म्हटल्यावर, भूक असो नसो, जेवायलाच हवं होतं ना?”