कुंकवाचा हात

गॅरेजवाल्या मेस्त्रींनी सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. एरवी आत गुंडाळून राहणाऱ्या पट्ट्यावर करडा गाळ वाळलेला होता.

"मास्तर, ही पुरातून निघालेली गाडी आहे," ते म्हणाले.

विकणाऱ्याने नजर वळवली. "दारात उभी होती हो. आत कुणी नव्हतं," कुणी न विचारताच तो सांगून मोकळा झाला.

हेरंब मास्तरांना रोज घाट उतरून शाळा गाठायची होती, सोबत मुलीलाही न्यायचं होतं. एवढी दणकट मोठी गाडी जुन्या गाड्यांच्या बाजारात पुन्हा या भावात मिळाली नसती. मेस्त्री नको नको म्हणत असताना त्यांनी ती घेतली आणि घरी पुराचं नावही काढलं नाही.

रविवारी पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. अनघाने ताटलीत कुंकू कालवून लेकीचा, सात वर्षांच्या रेवाचा, हात त्यात बुडवला. "बॉनेटवर उमटव. म्हणजे गाडी आपली झाली."

"आत आहे की एक," रेवा म्हणाली. "मागे, छताला. मातीचा."

अनघा हसली. मास्तर मात्र धावले. तोवर रेवा मागच्या सीटवर चढून उभीही राहिली होती. तिच्या डोक्यावर छताच्या कापडाला वाळलेल्या गाळाची पाच बोटं चिकटलेली होती. गाडी धुताना कुणी वर पाहिलंच नव्हतं.

रेवाने आपला लाल हात त्या बोटांवर नीट टेकवला.

"बाबा, बघ ना," ती म्हणाली, "माझ्याएवढाच आहे."