तिसरा प्रश्न

उत्तरेत, हजरतगंजमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत अजाइल नावाची कामाची नवी पद्धत आली. रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: काल काय केलं, आज काय करणार, आणि काही अडतंय का? आठवड्याभरातच साहेबांनी तिसरा प्रश्न गाळला. "सबकी मुश्किलें सुनने बैठेंगे तो काम कब होगा, यार?"

तिथल्या अभिरामचं काम दोन महिने एकाच जागी अडलं होतं. आज तरी कोणी विचारेल, म्हणून तो रोज आशेनं उभा राहायचा.

संध्याकाळी मेट्रोकडे जाताना त्यानं नेहमीसारखा साताऱ्याला आईला फोन लावला आणि तिसरा प्रश्न गाळणाऱ्या साहेबांवरचा सगळा राग तिच्यापाशी ओकला.

आई हसली. "साहेबाला कशाला नावं ठेवतोस? तूही रोज दोनच विचारतोस की. काल काय केलंस, आज काय करणार. की ठेवलास फोन!"

अभिराम मेट्रोच्या जिन्यावरच थांबला. "बरं, आई... काही अडतंय का गं?"

तिनं जपून विचारलं, "किती मिनिटं आहेत तुझ्याकडे?"