गॉजच्या दोन जुड्या

आत मुतेसीचं सिझेरियन चाललं होतं आणि बाहेर बाकावर तिची मोठी बहीण नाइगागा गारठून बसली होती. मागच्या वर्षी शेजारणीच्या पोटात गॉजची एक घडी राहिली आणि महिन्याभरात ती बाई गेली. तेच डोक्यातून जात नव्हतं.

सिस्टर बाहेर आली. "मुलगी झाली. आई पण बरी आहे, टाके घातले."

"सिस्टर, गॉज मोजलं ना?"

"मोजलं गं बाई. तूच आणून दिलेल्या दोन जुड्या, दहा दहाच्या. वीस घड्या बाहेर आल्या."

"आणि आत घालायच्या आधी?"

"आधी कशाला? जुडी दहाचीच असते, सगळ्या वॉर्डाला ठाऊक आहे. जा आता, थोडं केळ्याचं मातोके खाऊन घे. तोंड बघ कसं झालंय. तुलाच ॲडमिट करायची वेळ यायची."

नाइगागाच्या जिवात जीव आला. फाटकाबाहेर जाजा म्हातारी टपरीवर गॉज कापून जुड्या बांधत होती. त्या दोन जुड्या तिच्याकडूनच घेतलेल्या, म्हणून नाइगागा तिच्याकडेच आधी गेली.

"जाजा, मुलगी झाली. सगळं नीट पार पडलं."

म्हातारीने आनंदाने तिचे दोन्ही हात धरले.



"पडणारच की पोरी. बाळंतिणीचं सामान म्हणून तुझ्या दोन्ही जुड्यांत मी एकेक घडी जास्तीची घातली होती."