चार वीस न् तेरा

शेलार गावाहून आजीला डॉक्टरांकडे आणलं, तेव्हापासून रुचिकाचा जीव टांगणीला लागला होता. म्हातारीचा विसराळूपणा हल्ली फारच वाढला होता.

"आजी, शंभरातून सात गेले तर किती उरले?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार वीस न् तेरा," आजी ठसक्यात म्हणाली.

डॉक्टर फुली मारणार, तोच रुचिका उसळली. "बरोबर आहे, सर! आजीची मोजणी दहाची नाही, विसाची आहे. चार वीस म्हणजे ऐंशी, वर तेरा. झाले की त्र्याण्णव!"

डॉक्टर हसले. रुचिकाच्या जिवात जीव आला. आजी कौतुकानं तिच्याकडे बघतच राहिली.

&nbsp;

"तुला कसा समाजला गो पोरी? असा मोजाला त मी फक्त माझे रुचिकाला शिकवलाय."